मानवी हक्कांच्या नोंदींसाठी ओपन सोर्स डेटाबेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अत्याचाराच्या, कोठडीतल्या मारहाणीच्या, बहिष्काराच्या, बेपत्ता माणसांच्या किंवा विस्थापनाच्या घटनांची टिपणं ठेवणाऱ्या संस्था, वकील आणि कार्यकर्ते यांच्यासाठी हे पान आहे. बहुतेक ठिकाणी ही टिपणं वह्यांत, फायलींत, कुणाच्या तरी फोनमध्ये आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांमध्ये विखुरलेली असतात. ती एका जागी आणायची कशी, कोणत्या साधनाने आणि कोणती काळजी घेऊन, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

मानवी हक्कांसाठी वेगळं सॉफ्टवेअर कशाला? डेटाबेस तो डेटाबेस.

दुकानाच्या डेटाबेसमध्ये वस्तू, गिऱ्हाईक आणि बिल असतं, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध सरळ असतो. मानवी हक्कांच्या नोंदीत तसं नसतं. एकाच रात्रीच्या घटनेत दहा माणसांवर वेगवेगळे अत्याचार झालेले असतात. ते करणारे काही ओळखलेले, काही अनोळखी असतात. माहिती सांगणारे चार जण चार गोष्टी सांगतात. पीडितच दुसऱ्या प्रकरणात साक्षीदार असतो. शिवाय यातली बरीच माहिती चुकीच्या हाती पडली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. ही गुंतागुंत आणि ही जोखीम ध्यानात घेऊन बनवलेली काही मोजकी साधनं आहेत. उवाझी हे सध्याचं प्रमुख नाव. त्याच्या आधीची ओपनइव्हसिस आणि मार्टस ही दोन नावंही माहीत असलेली बरी.

आम्ही सगळं एक्सेलमध्ये ठेवतो. ते पुरत नाही का?

पुष्कळ वेळा पुरतं. शे-दोनशे घटना, दोन-तीन माणसांची टीम आणि ठरलेले रकाने असतील, तर एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखाच फुकट मिळणारा प्रोग्राम) शिस्तीत ठेवलेला तक्ता हा न जमणाऱ्या डेटाबेसपेक्षा शंभर पटीने चांगला. अडचण सुरू होते ती "पीडितांची नावं" या एका रकान्यात स्वल्पविराम देऊन सात नावं भरली जातात तेव्हा. मग त्यातल्या किती बायका होत्या, किती अल्पवयीन होते, कोणाला फक्त दमदाटी झाली आणि कोणाचा हात मोडला, हे त्या तक्त्यातून कधीच बाहेर येत नाही. मोजायला बसलं की पुन्हा मूळ कागद उघडावे लागतात. तक्त्याची अशी अवस्था झाली की साधन बदलायची वेळ आली असं समजावं.

"एक प्रकरण, एक ओळ" ही पद्धत का चालत नाही?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

समजा, एका वस्तीवर रात्री जमाव चालून आला. तीन घरं जाळली, दोघांना मारहाण झाली, एका बाईचा विनयभंग झाला. दुसऱ्या दिवशी फिर्याद द्यायला गेलेल्या त्याच दोघांपैकी एकाला पोलिसांनी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं आणि तिथेही मारलं. एक्सेलमध्ये ही एक ओळ होते: "वस्तीवर हल्ला". वर्षाच्या शेवटी अहवालात ती "१ प्रकरण" म्हणून मोजली जाते, आणि ठाण्यातली मारहाण त्यात बुडून जाते.

या अडचणीवर हुरिडॉक्स या संस्थेने १९९३ मध्ये एक आराखडा प्रसिद्ध केला आणि २००१ मध्ये तो सुधारला. तो "इव्हेंट्स स्टँडर्ड फॉरमॅट्स" या नावाने ओळखला जातो. त्यात घटना वेगळी, कृत्य वेगळं आणि माणूस वेगळा नोंदवतात. कृत्य म्हणजे एका माणसावर झालेली एक गोष्ट. वरच्या उदाहरणात मारहाण झालेल्या दोघांची दोन कृत्यं. त्यांतल्या एकाला डांबून ठेवलं आणि ठाण्यात मारलं, ही त्याच माणसावरची आणखी दोन. विनयभंगाचं एक, आणि घर जळालेल्या प्रत्येकाचं एक. प्रत्येक कृत्याला ते करणारा जोडायचा तो "सहभाग" या वेगळ्या नोंदीने, म्हणजे जमावातली माणसं आणि ठाण्यातला हवालदार एकाच टोपलीत पडत नाहीत. माहिती कोणी दिली, ती स्वतः पाहिलेली की ऐकीव, हे पुन्हा वेगळं. आणि नंतर कोणी काय केलं, म्हणजे वकील दिला, मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली, दवाखान्यात नेलं, हे "हस्तक्षेप" म्हणून वेगळं.

माणूस मात्र एकदाच नोंदवायचा. तो एका घटनेत पीडित असेल, दुसरीत माहिती देणारा असेल, भूमिका बदलली तरी नोंद तीच. त्यामुळे पाच वर्षांत एकाच कुटुंबावर तीनदा हल्ला झाला, किंवा एकाच अधिकाऱ्याचं नाव चार ठाण्यांमध्ये आलं, हे आपोआप समोर येतं.

अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक बॉल यांनी १९९० च्या दशकात याच विचाराला एका प्रश्नात बसवलं: कोणी, कोणाला, काय केलं? सॉफ्टवेअर कोणतंही घ्या. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक कृत्यापुरतं स्वतंत्र देता येत नसेल, तर ते या कामाचं नाही.

हुरिडॉक्स कोण आहे? आणि ही सॉफ्टवेअरं कुठून आली?

हुरिडॉक्स १९८२ मध्ये सुरू झाली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचे माजी सरचिटणीस मार्टिन एनल्स तिच्या संस्थापकांपैकी. कार्यालय जिनिव्हात. त्या काळी जगभरच्या संस्था अहवाल छापत होत्या, पण एकाची माहिती दुसऱ्याला वापरता येत नव्हती, कारण प्रत्येकाची मांडणी निराळी. म्हणून आधी समान फॉर्म आले आणि सॉफ्टवेअर नंतर आलं. माझ्या मते हाच क्रम बरोबर होता, आणि आजही नव्याने सुरू करणाऱ्या संस्थांनी तो पाळावा.

त्या फॉर्मांवर आधी विनइव्हसिस हा विंडोजवर चालणारा प्रोग्राम निघाला. पुढे ब्राउझरमधून चालणारं ओपनइव्हसिस आलं. आता संस्थेचं सगळं बळ उवाझीवर आहे. या स्वाहिली नावाचा अर्थ खुलेपणा.

मार्टस हे वेगळ्या घरातलं. कॅलिफोर्नियातल्या बेनेटेक या संस्थेने ते २००३ मध्ये आणलं. त्याचा सगळा भर गुप्ततेवर होता. नोंद तुमच्याच संगणकावर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन मगच सर्व्हरवर जायची, त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्यालाही ती वाचता येत नसे. पुढे बेनेटेकने मार्टस थांबवलं. सुरक्षिततेच्या बाबतीत त्याची जागा पूर्णपणे भरून काढणारं साधन मला अजून दिसलेलं नाही, ही हळहळ या क्षेत्रातल्या पुष्कळांना आहे.

ओपन सोर्स म्हणजे आमची माहितीही सगळ्यांना दिसणार का?

नाही. खुला असतो तो प्रोग्रामचा कोड. तुमची माहिती तुमच्या ताब्यात आणि तुम्ही ठेवाल तितकीच बंद.

मग ओपन सोर्सचाच आग्रह का?

दोन कारणं, आणि दोन्ही व्यवहारातली आहेत.

पहिलं म्हणजे निधी संपतो. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की परवान्याचे पैसे थांबतात, आणि कंपनीच्या बंद डेटाबेसमध्ये अडकलेली माहिती तिथेच राहते. पण पीडितांचे खटले तीन वर्षांत संपत नाहीत. ते पंधरा-वीस वर्षं चालतात. नोंदींचं आयुष्य अनुदानापेक्षा मोठं असलं पाहिजे. ओपन सोर्समध्ये बनवणाऱ्याने हात काढून घेतला तरी कोड राहतो आणि जाणकार माणसाला त्यातून माहिती बाहेर काढता येते.

दुसरं कारण विश्वासाचं. ज्या प्रोग्राममध्ये आपण साक्षीदारांची नावं भरतो तो आतल्या आत ती कुठे पाठवत नाही ना, हे स्वतंत्र तज्ज्ञाला तपासता यायला हवं. कोड बंद असेल तर कंपनीच्या शब्दावर विसंबण्याखेरीज इलाज नसतो.

उवाझी फुकट आहे का?

सॉफ्टवेअर फुकट आहे. ते एमआयटी नावाच्या मोकळ्या परवान्याखाली खुलं आहे, कोणीही उतरवून घ्यावं आणि वापरावं. पण ते चालवायला सर्व्हर लागतो, त्यावर नोड, मोंगोडीबी आणि इलॅस्टिकसर्च हे आधाराचे प्रोग्राम बसवावे लागतात, आणि हे सांभाळणारा लिनक्स जाणणारा माणूस लागतो. संस्थेच्या वेबसाइटसाठी घेतलेल्या स्वस्त होस्टिंगवर ते चालणार नाही. स्वतःला जमत नसेल तर हुरिडॉक्सकडून होस्टिंगची सेवा घेता येते.

ओळखीच्या कॉलेज विद्यार्थ्याकडून एका रविवारी बसवून घ्यायचं आणि मग तो नोकरीला पुण्याला गेला की पासवर्ड कोणालाच माहीत नाही, असा प्रकार मात्र करू नये. बसवण्यापेक्षा सांभाळणं अवघड आहे. अपडेट कोण करणार, बॅकअप कोण घेणार, हे आधी कागदावर लिहा.

उवाझीत नेमकं काय काय करता येतं?

प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी आपला साचा बनवता येतो: घटना, व्यक्ती, निकालपत्र, तथ्यशोधन अहवाल. साच्यात मजकूर, तारीख, नकाशावरचं ठिकाण, यादीतून निवडायचे पर्याय असे रकाने घालता येतात. नोंदी एकमेकींना जोडता येतात. पीडीएफ जोडून त्यातल्या मजकुरात शोध घेता येतो. एखादी नोंद फक्त तिघांना दिसेल, एखादी सगळ्या टीमला, एखादी जगाला, असं ठरवता येतं. एक्सेलची यादी सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्याची फाइल) करून एकदम आत घेता येते. आंतरराष्ट्रीय निकालांचे सार्वजनिक संग्रहसुद्धा यावर उभे आहेत आणि पूर्णपणे बंद ठेवलेले अंतर्गत संग्रहही.

मराठीत वापरता येतं का?

नोंदी मराठीत भरता येतात, देवनागरीला अडचण नाही. शोध मात्र जरा डोकं लावून वापरावा लागतो.

शोधासाठी उवाझी इलॅस्टिकसर्च वापरतं. त्यात हिंदी आणि बंगालीच्या शब्दरूपांची जाण अंगभूत आहे, मराठीची नाही. आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचं अंगच बदलतं. "पोलीस" शोधलं तर "पोलिसांनी" सापडेलच असं नाही, "घर" शोधलं तर "घरात" आणि "घराला" सुटू शकतं. म्हणून महत्त्वाची गोष्ट लांबलचक वर्णनात सोडून देऊ नका. ती यादीतून निवडायच्या रकान्यात आणा. "आरोपीचा प्रकार: पोलीस" असं निवडलेलं असेल तर गाळणी (फिल्टर) लावून सगळ्या नोंदी एका क्षणात मिळतात, वर्णनात कोणी ऱ्हस्व लिहो की दीर्घ.

नावांचंही तसंच. एफआयआरवर एक, आधारवर दुसरं, इंग्रजी पोस्टमॉर्टेम अहवालावर तिसरं स्पेलिंग असतं. मुख्य नाव एक ठरवा आणि बाकीची सगळी "इतर नावं" या रकान्यात जशीच्या तशी ठेवा. टोपणनावंही. गावात माणूस अनेकदा त्याच नावाने ओळखला जातो.

कृत्यांच्या प्रकारांची यादी तयार मिळते का?

हुरिडॉक्सने अशा याद्या काढल्या आहेत: हक्कांचे प्रकार, कृत्यांचे प्रकार, आरोपींचे प्रकार, वगैरे. त्यापासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. आपल्या भागातलं वास्तव आपणच यादीत आणायचं असतं. वाळीत टाकणं घ्या. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला आहे, आणि जातपंचायतीच्या प्रकरणांत त्याखाली गुन्हे नोंदवता येतात. तेव्हा "बहिष्कार" एवढा एकच पर्याय ठेवून भागणार नाही. किराणा बंद केला, पाण्यावर येऊ दिलं नाही, मयतीला कोणी आलं नाही, दंड मागितला, लग्न मोडायला लावलं, हे सगळे वेगवेगळे पर्याय हवेत, कारण कोर्टात आणि तहसीलदारासमोर तपशीलच विचारला जातो.

एक पथ्य पाळा: यादीतल्या प्रत्येक शब्दाची दोन ओळींची व्याख्या लिहून ठेवा. "मारहाण" आणि "छळ" यांतली सीमा नांदेडच्या कार्यकर्त्याने एक धरली आणि सोलापूरच्याने दुसरी, तर वर्षाअखेरीची बेरीज निरर्थक होते. आणि "इतर" या पर्यायावर लक्ष ठेवा. तो फुगत चालला की यादी अपुरी पडते आहे असं समजा.

घटनेची तारीख नक्की माहीत नसेल तर काय भरायचं?

सांगणारी आजी "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी" म्हणते, "सोयाबीन काढायच्या वेळी" म्हणते. तिचे शब्द जसेच्या तसे एका रकान्यात लिहा. पंचांग पाहून निघालेली इंग्रजी तारीख दुसऱ्या रकान्यात भरा, आणि ती नक्की, अंदाजे की फक्त महिना-वर्ष ठाऊक, हे तिसऱ्या रकान्यात निवडा. अंदाजाने १ तारीख टाकून मोकळं होऊ नका. दोन वर्षांनी तीच तारीख खरी मानली जाते, आणि उलटतपासणीत साक्षीदार खोटा ठरतो.

तारखेला कायद्यातही वजन आहे. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम ३६ प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटल्यावर राष्ट्रीय किंवा राज्य आयोग चौकशी करत नाही. त्यामुळे डेटाबेसमध्ये अशी गाळणी करून ठेवा की दहा महिने झालेली आणि आयोगाकडे न गेलेली प्रकरणं दर आठवड्याला समोर येतील.

पीडितांची नावं भरायची की नाही?

आत भरायची, बाहेर जाऊ द्यायची नाहीत. नावाशिवाय दुहेरी नोंद ओळखता येत नाही आणि उद्या नुकसानभरपाई मिळवून द्यायची झाली तर माणूस सापडत नाही. पण नाव वेगळ्या, मोजक्याच लोकांना दिसणाऱ्या रकान्यात हवं, आणि रोजच्या कामात सांकेतिक क्रमांक वापरायचा. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख जाहीर करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांबाबत पोक्सोचंही बंधन आहे. गावाचं नाव, वय आणि जात एकत्र छापली तरी ओळख पटते, हे नाव गाळताना लक्षात ठेवा.

संमती एकदा सही घेऊन संपत नाही. आमच्या वकिलाला दाखवलं तर चालेल का? आयोगाला? नाव न देता अहवालात? नाव देऊन? हे चार प्रश्न वेगळे विचारा आणि चार वेगळी उत्तरं नोंदवा. नंतर माणसाने नको म्हटलं तर ते बदलता आलं पाहिजे, आणि हे त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं पाहिजे. ज्याने आपली सर्वांत वाईट रात्र तुमच्यासमोर उघडी केली, त्याचा त्या नोंदीवर तुमच्याइतकाच, खरं तर तुमच्यापेक्षा जास्त, हक्क आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तुमच्या संस्थेला कसा लागू होतो, हेही वकिलाकडून समजून घ्या.

लॅपटॉप चोरीला गेला किंवा जप्त झाला तर?

संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि लॅपटॉप बंद असेल, तर पासवर्डशिवाय माहिती वाचणं फार कठीण. व्हेराक्रिप्ट हे त्यासाठीचं ओपन सोर्स साधन आहे. लिनक्स आणि विंडोजमध्येही सोय असते. उवाझीत दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागण्याची सोय, चालू ठेवा. ऑफिस सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करा.

मात्र एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. उवाझी मार्टससारखं नाही. ज्याच्या हाती सर्व्हर, त्याला माहिती वाचता येते. म्हणून सर्व्हर कोणाचा, कोणत्या देशात, हे तांत्रिक माणसावर न सोडता संस्थेच्या विश्वस्तांनी ठरवावं. आणि काही माहिती इतकी धोक्याची असते की ती कोणत्याच संगणकात न भरणं हाच शहाणपणा. खबऱ्याचं नाव भरायला रकाना आहे म्हणून ते भरलंच पाहिजे असं नाही.

गावात नेटवर्क नसतं. तिथे काय करायचं?

कोबोटूलबॉक्स वापरा. तेही ओपन सोर्स आहे, फोनवर नेटशिवाय फॉर्म भरता येतो आणि नेट आलं की माहिती वर जाते. फोटो-व्हिडिओ लपवून, एन्क्रिप्ट करून ठेवायचे असतील तर टेला हे ॲप आहे, ते उवाझीला जोडताही येतं. आणि कागदाचा छापील फॉर्म कधीही टाकाऊ नाही, फक्त रकाने डेटाबेससारखेच ठेवा.

एकच माणूस दोनदा नोंदला गेला तर मोठं बिघडतं का?

बिघडतं. सीरियातल्या यादवी युद्धात मेलेल्यांची मोजदाद संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयासाठी करण्यात आली, तेव्हा सात वेगवेगळ्या याद्या एकत्र केल्या. नोंदी भरल्या १,४७,३४९. नाव, तारीख, ठिकाण ताडून दुहेरी नोंदी काढल्यावर उरल्या ५९,६४८. हा आकडा जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झाला. याद्या नुसत्या बेरीज करून छापल्या असत्या, तर पहिल्याच प्रश्नाला सगळं काम कोसळलं असतं, आणि खऱ्याखुऱ्या साठ हजार मृत्यूंवरही कोणी विश्वास ठेवला नसता.

तुमच्याकडे हे काम लहान प्रमाणात असेल, पण पद्धत तीच. नवीन नोंद करण्याआधी शोधा. दोन नोंदी एकाच माणसाच्या वाटल्या तर एक पुसू नका, दोन्ही जोडा आणि जोडण्याचं कारण लिहा.

नोंदी वाढल्या म्हणजे अत्याचार वाढले, असं म्हणता येतं का?

नुसत्या त्यावरून नाही. नोंदी वाढतात तेव्हा कदाचित तुम्ही दोन नवीन कार्यकर्ते नेमलेले असतात. नोंदी घटतात तेव्हा कदाचित भीतीने लोकांनी बोलणं बंद केलेलं असतं, आणि ती सर्वांत वाईट अवस्था असते. डेटाबेस सांगतो ते इतकंच की एवढं आमच्यापर्यंत पोचलं.

न पोचलेल्याचा अंदाज काढण्याचं शास्त्र आहे, पण ते तज्ज्ञांचं काम. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात अंतर्गत संघर्षाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगासमोर सुमारे चोवीस हजार मृत आणि बेपत्ता माणसांची माहिती आली होती. स्वतंत्र याद्या एकमेकींशी ताडून, त्यांत किती नावं सामायिक आहेत त्यावरून हिशेब मांडला, तेव्हा २००३ मध्ये आयोगाने ६९,२८० हा अंदाज दिला. त्यावर पुढे तज्ज्ञांमध्ये वादही झाला, आणि तो होऊ शकला याचं कारण पद्धत उघड होती. आपल्या अहवालात मात्र साधं, खरं वाक्य लिहावं: "या काळात आमच्याकडे इतक्या घटना नोंदल्या गेल्या."

डेटाबेसमधली नोंद कोर्टात पुरावा म्हणून चालते का?

तुम्ही केलेली नोंद हा पुराव्याकडे जाण्याचा रस्ता आहे. पुरावा म्हणजे मूळ फोटो, व्हिडिओ, वैद्यकीय दाखला, साक्षीदार. डिजिटल पुराव्यासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारा ठसा. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी तो पार बदलतो. म्हणून मूळ फाइल हाती येताच तिचा हॅश काढा, तो डेटाबेसमध्ये लिहा, आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका. पाहायला, कापायला, पाठवायला प्रत वापरा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकुंचित झालेला असतो. शक्य असेल तर काढणाऱ्याच्या फोनमधून मूळ फाइल घ्या. कोणी, कोणत्या दिवशी, कोणाकडून घेतली, हेही लिहा.

इतकं करून उपयोग होतो का?

हा प्रश्न थकलेले कार्यकर्ते विचारतात, आणि तो रास्त आहे.

पंजाबमध्ये मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालडा यांनी बेपत्ता माणसांचा माग काढताना अमृतसर जिल्ह्यातल्या स्मशानांच्या नोंदी धुंडाळल्या. बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांसाठी पोलिसांनी लाकूड घेतलं होतं, आणि त्या लाकडाचा हिशेब वहीत उरला होता. १९९५ च्या सुरुवातीला त्यांनी हे जगासमोर आणलं. ६ सप्टेंबर १९९५ ला त्यांना घराबाहेरून उचलून नेलं आणि पुढे त्यांचा खून झाला. पण वह्या बोलत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तपास केला आणि तीन स्मशानांत २,०९७ बेकायदा अंत्यसंस्कार झाल्याचं सांगितलं. ५८५ जणांची ओळख पूर्ण पटली होती, २७४ जणांची अर्धवट, आणि १,२३८ जणांची पटलीच नाही. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेलं. खालडांच्या खुनाबद्दल २००५ मध्ये पोलिसांना शिक्षा झाल्या. हे सगळं सॉफ्टवेअरविना झालं. एका माणसाने कोणत्या कागदात काय दडलंय हे ओळखलं आणि एकेक नोंद मांडली म्हणून झालं.

आफ्रिकेतल्या चाड देशात हुकूमशहा हिसेन हाब्रेच्या गुप्त पोलिसांचे कागद २००१ मध्ये त्यांच्याच पडक्या मुख्यालयात जमिनीवर पसरलेले सापडले. ते एकेक करून डेटाबेसमध्ये चढवले. १२,३२१ पीडितांची नावं निघाली, त्यांतले १,२०८ कोठडीत मेलेले किंवा मारलेले. २०१६ मध्ये सेनेगलमधल्या डकारच्या विशेष न्यायालयाने हाब्रेला जन्मठेप दिली. मध्ये पंधरा वर्षं गेली, आणि नोंदी तेवढा काळ जपल्या गेल्या.

आपल्या जवळचं उदाहरण गटारांतल्या मृत्यूंचं. सफाई कर्मचारी आंदोलन या संघटनेच्या याचिकेवर २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत आणि सेप्टिक टँकमध्ये मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. पण आदेशाने पैसे आपोआप घरी येत नाहीत. कोण मेलं, कुठे, कधी, कंत्राटदार कोण, वारस कोण, ही यादी ज्याच्याकडे आहे त्यालाच कलेक्टरच्या टेबलावर ती ठेवता येते.

ॲट्रॉसिटीच्या केसेसचंही तेच. १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. तिथे "फार अन्याय होतोय" म्हणून उभं राहणारा आणि "या बारा गुन्ह्यांत साठ दिवस उलटूनही दोषारोपपत्र नाही, हे त्यांचे गुन्हा रजिस्टर नंबर" म्हणून कागद देणारा, यांतला फरक अधिकाऱ्यांना लगेच कळतो.

जुन्या फायलींचं काय? वीस वर्षांचे कागद आहेत.

सगळे एकदम भरायला बसू नका, त्यात उत्साह संपतो. आधी नुसती सूची करा: फाइल क्रमांक, गाव, वर्ष, विषय. मग ज्या खटल्यांची सुनावणी चालू आहे ते पूर्ण भरा. बाकीचे स्कॅन करून सूचीला जोडा. देवनागरी हस्ताक्षर यंत्र नीट वाचत नाही, ते माणसानेच वाचावं लागतं.

सुरुवात नेमकी कशी करायची?

संगणक न उघडता. आपल्याकडची दहा जुनी प्रकरणं काढा. सगळ्या टीमने एका टेबलावर बसून प्रत्येकातली कृत्यं कागदावर वेगळी करा: कोणी, कोणाला, काय केलं, आणि हे आपल्याला कोणी सांगितलं. वाद होतील, होऊ द्या, कारण त्या वादांतूनच व्याख्या आणि याद्या निघतात. दहा प्रकरणं अशी नीट बसली की तेच रकाने कॅल्कमध्ये तीन वेगळ्या तक्त्यांत करून दोन-तीन महिने वापरा. एक व्यक्तींचा, एक घटनांचा, एक कृत्यांचा. ते अपुरं पडू लागलं की उवाझीकडे या. तेव्हा तुमचे साचे तयारच असतील आणि तक्ते सीएसव्ही करून आत जातील.

बॅकअपची तालीम मात्र पहिल्या महिन्यातच करा. प्रत घेतली एवढ्यावर थांबू नका. ती दुसऱ्या संगणकावर उघडून, एखादी नोंद शोधून, तिला जोडलेला फोटो दिसतो का ते पाहा.